जाकिटं बैलाला होती

अन्याय झाला तो मोर्णा नदीवर डोंगा चालवणाऱ्या काकांवर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. वेळ मी अंदाजानं सांगत नाही. चार अठराला मी डोंग्यात बसून एक फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर दोन मिनिटांत मोबाइल माझ्यासकट पाण्यात होता. अन्याय कोणी केला तेही सांगते, ते लपवायचं असेल तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. आम्ही डोंग्यात बसलेल्या अकरा मोठ्या माणसांनी केला. कागदावर तो मी उतरवला. माझं अक्षर चांगलं आहे आणि तक्रार कशी लिहायची हे मला शिकवलेलं आहे.

त्या दिवशी कोणी मेलं नाही. म्हणून ही गोष्ट आता अकोल्यात कोणाला आठवत नाही, आणि म्हणूनच तिचा कंटाळा येईपर्यंत मी ती सांगत फिरते.

मी मूळची चांदूर रेल्वेची. शिकायला अमरावतीला होते, मग कामानिमित्त अकोल्याला आले आणि नदीपलीकडच्या वस्तीत खोली घेतली. अलीकडे बाजार, दवाखाने, स्टेशन. पलीकडे आम्ही. मध्ये एक रपटा होता, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वर असलेला बुटका पूल. त्या पोळ्याच्या दोन पावसाळे आधीच्या पुरात तो वाहून गेला. नवा होणार, होणार, असं ऐकत आम्ही मोठ्या पुलावरून वळसा घालायला लागलो. तो वळसा रोज दोनदा घालून पाहा, मग माणसं डोंग्यात का चढतात ते कळेल.

काका भोईपुऱ्यातले. बापजाद्यांपासून मासे धरणारे. त्यांच्याकडे एक सागाचा जुना डोंगा होता. तात्पुरती सोय म्हणून त्यांना परवाना मिळाला: एका वेळी आठ प्रवासी, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. काकांनी डोंग्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन्हीकडून, चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला. पाणी पट्ट्याला टेकलं की डोंगा भरला. साधा हिशोब. फक्त त्यात एक गोम होती. पट्टा डोंग्यात बसलेल्याला दिसत नाही. तो काठावर उभ्या असलेल्याला दिसतो.

आणि काठावर कायम माणसं असायची. मोर्णा म्हणजे काही गंगा नाही, पण भाद्रपदाच्या तोंडावर बंधाऱ्याची दारं टाकतात, गणपतीला पाणी हवं म्हणून. मग शहरातल्या शहरात नदी अशी फुगते की विचारू नका. मध्ये दोन पुरुष पाणी. टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे, जलकुंभी म्हणजे जलपर्णी ओढून काढणारे मजूर, गोधड्या धुणाऱ्या बाया, नुसते बघे, आणि सगळ्यांच्या मधून आमचा डोंगा. कोणी कोणाला वाट द्यायची याचा काही नियम नव्हता. ज्याचा आवाज मोठा त्याची वाट.

सकाळी नवाच्या खेपेला रोज तोच तमाशा.

"आठ झाले. एक जन उतरा," काका म्हणायचे.

"कोन उतरू काका? नववा कोन ते सांगा."

"जो आखरी चढला तो."

"मंग मी नाई. मी तं सातवा होतो."

"आन् मी काय पोहत आलो काय? माह्या मांगून हे मावशी चढली."

"ए भाऊ, तोंड सांभाळ! मी तुह्याआधीची बसून हाय."

त्या डोंग्यात नववा माणूस कधीच नसायचा. सगळे सातवे आणि आठवे. काका एकदा सगळ्यांकडे पाहायचे, वल्हं उचलायचे आणि डोंगा निघायचा. मीसुद्धा सातवीच असायचे. दीड वर्षात एकदाही मी नववी नव्हते.

जाकिटांचं सांगते, कारण ती माझी कामगिरी होती. आमचा एक छोटा गट आहे, पत्रकं काढतो, वाटतो. 'नदी ओलांडणाऱ्यांचा जीव स्वस्त आहे काय?' असं एक पत्रक मी लिहिलं होतं. ते वाचून बाजारातल्या एका भल्या माणसानं आठ जाकिटं आणून दिली. केशरी, पट्ट्यांची, छातीवर शिटी लावलेली. घाटावर ती ओळीनं मांडली तेव्हा मला मोर्शीला मामाच्या बागेत तोडणीच्या दिवशी संत्र्यांचे ढीग लागतात त्याची आठवण झाली. फार छान वाटलं. काम झालं असं वाटलं.

काम काही झालं नव्हतं. डोंग्याच्या फळ्या ओल्या असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जाकिटं बुडाखाली गेली. "लय नरम हाय," असं सगळ्यांचं मत पडलं. अंगात कोणी घालेना. दुसऱ्याच्या घामाचा वास येतो. साडीची घडी मोडते. मी काय पुरात अडकलो काय? शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज माझ्यासोबत असत. त्या म्हणायच्या, "बाई, हे घालून बसलं का माणूस बुडायच्या तयारीनंच निघाला असं वाटते." मी हसायचे. मी स्वतः का घालत नव्हते? पाठीवर बॅग असायची, जाकिटावरून तिचे पट्टे बसत नसत. बॅगेत पत्रकं असायची. बहुतेक वेळा तीच.

काकांनी प्रयत्न केला नाही असं नाही. तान्ह्या पोळ्याच्या महिनाभर आधी एकदा ते खरंच अडून बसले. डोंग्यात दहा जण होते. काका वल्हं मांडीवर घेऊन काठावरच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "दोन उतरा, मंग निंगतो." पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. मला अमरावतीची गाडी गाठायची होती. मी म्हणाले, "काका, दोन माणसांनी काय होते? चला ना." हे वाक्य मी म्हटलं आहे. शेवटी कोणीतरी फोन लावला आणि डोंगेवाला माजला, लोकांना वेठीला धरतो, अशी तक्रार केली. चार दिवसांनी काकांना कागद आला: सेवेत खंड पाडू नये. घाटावरच्या चहावाल्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. काकांनी घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर ते "एक जन उतरा" एकदाच म्हणायचे.

आता तो दिवस.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान लेकरांचा, लाकडी बैलांचा. पाच वाजता पलीकडच्या मैदानात बैल सजावटीची स्पर्धा होती. अलीकडे बाजारात एका भाऊंचं फर्निचरचं दुकान आहे, राहायला ते आमच्या वस्तीत. त्यांनी नातीसाठी सागाचा बैल केला होता. माझ्या कमरेइतका उंच. चार पायांना चार चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. रंग आदल्या दिवशीचा, पुरता वाळलेलाही नव्हता. टेम्पो मोठ्या पुलावरच्या गर्दीत अडकणार, म्हणून भाऊ बैल घेऊन घाटावर आले. सोबत सहा वर्षांची नात, नवा परकर-पोलका, कपाळावर चंद्रकोर.

काकांनी बैल पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"भाऊ, हा आडवा निजवा डोंग्यात. उभा नाई नेता येत."

"आडवा?" भाऊंचा आवाज चढला. "काय अभद्र बोलता काका सणाच्या दिवशी! मेलेला बैल आडवा असते."

"लाकडाचा हाय ना तो."

"तुमचा डोंगा बी लाकडाचाच हाय. त्याले नारळ फोडता का नाई?"

सगळे हसले. मीही हसले. मावशी म्हणाल्या, "खरं हाय बापा, सजवलेला बैल आडवा नाई करू. लेकरू रडन." नात रडण्याच्या बेतात होतीच. मग तो बैल चौघांनी उचलून डोंग्यात मधोमध, चाकांवर, उभा केला. त्याच्या ओल्या रंगाला डोंग्याची कड घासत होती. भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, आमच्या बुडाखाली असायची ती जाकिटं मागितली, आणि आम्ही ती उचलून दिली. एक मी दिलं. दोन पोटाला, दोन पुठ्ठ्यांना, एक मानेला, एक शिंगांना, उरलेली दोन बाजूंनी खोचून. पट्टे बरोबर लावले, बक्कलं बरोबर खटकन बसवली. इतक्या नीट मी ती जाकिटं कोणाच्याच अंगावर पाहिली नव्हती.

चाकांखाली कोणी काही लावलं नाही.

माणसं चढली. स्पर्धा पाहायला जायचं होतं सगळ्यांना. अकरा मोठी, दोन लेकरं, काका वेगळे. काका "उतरा" एकदाच म्हणाले. काठावर ही एवढी माणसं उभी होती, पांढरा पट्टा पाण्याखाली गेलेला त्यांना समोर दिसत होता. कोणी बोललं नाही. एकानं ओरडून विचारलं, "बैलाचं तिकीट काढलं का?" तेवढंच. मी फोटो काढला. बैल केशरी जाकिटांत, मागे सगळे दात काढून हसताहेत, टोकाला काका तोंड फिरवून उभे.

मधोमध आलो तेव्हा ट्यूबवरचा एक मासेवाला ओरडला, "ओऽऽ, जाळं हाय! जाळं!" काकांनी डोंगा वळवला. बैल चाकांवर होता. तो चालायला लागला.

यात कोणाचा दोष असं अजूनही मला लोक विचारतात. जे झालं ते सांगते. बैल एका बाजूला घरंगळला आणि तो पडू नये म्हणून आम्ही सगळे त्याच बाजूला धावलो. काका ओरडत होते, "बसा! बसून राहा! जाऊ द्या त्याले!" पण सणाचा बैल, ओला रंग, आणि आम्ही अकरा जण हात पुढे करून. डोंगा आमच्या वजनानं पालथा झाला. बैलाच्या नाही.

मोर्णेचं पाणी तोंडात गेल्यावर काय वाटतं ते लिहीत नाही. मला पोहता येत नाही. कोणीतरी माझी वेणी धरली आणि डोकं वर ओढलं. ते काका होते. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं, ते धापा टाकत होते, आणि म्हणत होते, "पाय नको झाडू पोरी, पाय नको झाडू, मले धरू नको, डोंग्याले धर." नातीला त्यांनी आधीच डोंग्याच्या पालथ्या पाठीवर बसवलं होतं. दुसरं लेकरू मासेवाल्यानं ट्यूबवर घेतलं. खिचडीवाल्या मावशी बैलाचा पाय धरून तरंगत होत्या. आठ जाकिटं घातलेला तो बैल बुडणार कसा? तो मजेत निघाला होता, बंधाऱ्याच्या दिशेनं. आडवा.

काका आणि तो मासेवाला खेपा घालत राहिले. तेराच्या तेरा काठावर आले. शेवटच्या खेपेनंतर काका गुडघ्यावर बसले आणि ओकले. भाऊ त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी काकांच्या कानशिलात मारली.

"पेला साला! पिऊन डोंगा चालवते!"

लगेच दहा तोंडं. पेलाच असन. डोये पाहा कसे लाल. डोळे आमचेही लाल होते, पाण्यानं. काकांनी तोंड पुसलं. ते डोंग्याकडे पाहत होते, तो उलटा होऊन जलकुंभीत अडकला होता.

मी ओली आणि भयंकर संतापलेली. संताप आला की मी लिहिते. चहावाल्याकडून कागद घेतला, उभ्याउभ्या लिहिलं. काय लिहिलं ते मला पाठ आहे. 'बेजबाबदार नावाड्यानं क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरून, सुरक्षा साधने न पुरवता, तेरा निष्पाप नागरिकांचा जीव धोक्यात घातला. नावाडी नशेत असल्याचा संशय आहे. डोंगा जप्त करून परवाना रद्द करावा.' खाली अकरा सह्या झाल्या. पहिली माझी.

नशेत. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं. दारूचा वास नव्हता. तंबाखूचा होता. मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण त्यावाचून तक्रार पोकळ वाटत होती. चांगल्या पत्रकाला एक खलनायक लागतो. समोर हाताशी एक होता, ओला, गुडघ्यावर बसलेला.

काकांना ठाण्यात नेलं. संध्याकाळी सोडलं, पण डोंगा नेऊन एका सरकारी आवारात उलटा टाकला.

त्या आठवड्यात मी अमरावतीला गेले. आमच्या गटातल्या ताई तिथं राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. लिहायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नको. मी तक्रारीचं पत्रक करून नेलं होतं, छापायला. सोबत तो फोटो, मैत्रिणीच्या मोबाइलवरून घेतलेला. ताईंनी पत्रक वाचलं, बाजूला ठेवलं आणि फोटो मोठा करून बोटानं डोकी मोजायला लागल्या. लेकरांच्या वह्या तपासाव्यात तशा.

"बारा," त्या म्हणाल्या. "ते टोकाला उभे आहेत ते नावाडी, ते धरले नाहीत. तू तर तेरा लिहिलेस."

"तेरावी मी. फोटो मी काढला ना ताई."

"बरं. आणि ही जाकिटं बैलाला कोणी घातली?"

"आम्हीच."

"सुरक्षा साधने न पुरवता, असं लिहिलंस. ही काय आहेत मग, झूल?"

"ताई, पण त्यांनी नाही म्हणायचं होतं. जबाबदारी त्यांची होती."

"होतीच. त्यांची किती आणि तुमची किती, ते लिही ना मग. तू कितवी चढलीस?"

मी नेहमीसारखं 'सातवी' म्हणणार होते. तोंडातून 'तेरावी' निघालं. मी सगळ्यात शेवटी चढले होते. चहावाल्याकडे ठेवलेली बॅग घेऊन, पळत. काठावरून मला पांढरा पट्टा दिसायला हवा होता. तो दिसला नव्हता, कारण तो पाण्याखाली होता. आणि मी चढले.

"नशेत होते?" ताईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पत्रकाची घडी करून माझ्या हातात दिली. "हे मी छापत नाही. आता लिहू नको. आता पायी फिर."

तेव्हापासून मी फिरते आहे. अकरा जणांनी सही केली होती. माझी सोडून दहा. नवा कागद केला: आम्ही तेरा होतो, काकांनी उतरा म्हटलं होतं, बैल आडवा करा म्हटलं होतं, जाकिटं आम्हीच बैलाला बांधली, काका दारू प्यायलेले नव्हते, त्यांनीच आम्हाला वाचवलं. चार-पाच ओळी. त्यावर दहा सह्या मागत फिरण्यात हिवाळा गेला, उन्हाळा गेला.

"झालं ना आता बाई, कोन मेलं काय? कायले उकरून काढून राहिली?"

"मी सही पलटवली तं मलेच आत टाकतीन."

"तुनंच तं लिवलं होतं. आता तुह्या एका कागदावर सही, मंग दुसऱ्यावर सही. उद्या तिसरा आनशीन."

या शेवटच्याचं ऐकून मी कागद परत बॅगेत टाकला. तो बरोबर बोलत होता. मावशींनी मात्र शाळेच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी सही केली. म्हणाल्या, "मी बैलाचा पाय धरून वाचली. बैलाले नवस बोलली होती मी, काकांले साधं पानी बी नाई विचारलं." भाऊंनी दुकानात बसवलं, चहा पाजला, आणि सही करणार नाही म्हणाले. "सही केली का मारलं ते बी कबूल करा लागते." मी म्हटलं, "करा ना मग." ते रंधा उचलून फळी तासायला लागले.

एव्हाना डोंगा उन्हात होता. लाकडी डोंगा पाण्यात असला तर जगतो. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन कसं असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आवारात उलट्या पडलेल्या त्या डोंग्याच्या फळ्या एकमेकींपासून सुटत चालल्या. मी जाऊन पाहायचे. आधी नख जाईल एवढी फट. मग करंगळी. सह्या चार होत्या तेव्हा माझा अंगठा जात होता.

काकांच्या घरी जायला मी सहा महिने लावले. हेही सांगते. दहा दारं झाली, मग अकरावं. ते ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. काकूंनी मला पाहिलं आणि आत निघून गेल्या, पाणी आणलं नाही. मी सगळं बोलून टाकलं. काका सुई थांबवून ऐकत होते.

"आठाच्या वर घेतले, ते माहं चुकलं," ते म्हणाले. "वल्हं माह्या हातात होतं. मी काठावर बसून राहाले पायजे होतं, कागद आला तं येऊ द्या. ते लिवलं ते ठीक. पन पोरी, नशेत काहून लिवलं?"

मी नवा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"जिंदगीत थेंब नाई घेतला मी. तो कागद माह्या पोरीच्या सासरी पोचला. बाप बेवडा हाय म्हनून तिचा सासरा बोलून राहिला तिले. सहा महिने झाले, पोरगी आली नाई."

आतून काकू म्हणाल्या, "वेणी धरून काढलं याईनं तुले. सोडून द्याले पायजे होतं."

"ए, काय बोलते?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जाय तू. ऊन होऊन राहिलं."

मी त्यांच्या व्याह्यांकडेही जाऊन आले, मूर्तिजापूरजवळच्या गावात. कागद दाखवला. त्यांनी वाचला, "बरं," म्हणाले. पोरगी अक्षय्यतृतीयेला माहेरी आली की नाही ते मी विचारलेलं नाही. तो माझा अधिकार नाही.

पाच सह्यांवर डोंगा सुटला, माझी धरून पाच. परवाना मात्र 'चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित'. चौकशी पूर्ण व्हायला बाकीच्या सहा जणांनी तोंड उघडायला हवं. ते रोज मोठ्या पुलावरून वळसा घालतात, ऊन-पावसाला शिव्या देतात, आणि मला पाहिलं की मोबाइल कानाला लावतात.

डोंगा घाटावर आणला त्या दिवशी भाऊ हातगाडीवर सागाच्या दोन फळ्या घेऊन आले. काकांशी एक शब्द बोलले नाहीत. बसले, माप घेतलं, कापलं, ठोकलं. काका फटींत सुतळी आणि डांबर भरत होते. दोघं एकाच डोंग्याच्या दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना. मला ते पाहून भरून आलं नाही. मी भाऊंना तिथंच म्हटलं, "फळीनं काय होते? सही द्या." ते म्हणाले, "बाई, तू लय डोकं खाते." नातीनं तो बैल घरात खिडकीशी ठेवला आहे म्हणे. रंग उडालेला, उभा.

काकांनी पांढरा पट्टा पुन्हा ओढला. या वेळी मला हाताशी घेतलं, रंगाचा डबा धरायला. पट्टा ओढून झाल्यावर चार पावलं मागे काठावर गेले आणि तिथून पाहिला. "इथून दिसते," म्हणाले. "बसल्यावर नाई दिसत. हे मी हजार वेळा सांगतलं."

पावसाळा लागला आहे. पोळा जवळ आला. डोंगा पाण्यात आहे, दोराला बांधलेला, रिकामा. काका रोज सकाळी त्यातलं पाणी उपसतात आणि घरी जातात. परवाना कधीतरी मिळेल. त्या दिवशी घाटावर पुन्हा माणसं असतील, घाई असेल, कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी गाडी.

म्हणून ही मागणी. ती परवान्याच्या कार्यालयाकडे नाही, तिथं मी वेगळी देऊन आले आहे. ती तुमच्याकडे आहे, तुम्ही अकोल्याचे असा नाहीतर कुठल्याही नदीकाठचे. चढायच्या आधी जाकीट अंगात घाला, बक्कल लावा, वास येत असला तरी. काठावर उभे असाल तर पट्टा पाहा, आणि तो बुडालेला दिसला तर गंमत करू नका, ओरडा. आत बसल्यावर माणसं मोजा, मोजताना स्वतःपासून सुरुवात करा. आणि नावाड्यानं 'एक जण उतरा' म्हटलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका. तुम्ही उतरा.